मनीचा डबा



पेपर वाचायची माझी पद्धत उलटी आहे. पहिलं पान यांच्याकडे जातं, बाजारभावाचं पानही यांच्याकडेच, आणि मी आतल्या पानावरच्या छोट्या चौकटींपासून सुरुवात करते. कुठे माकडाने कुणाची पैशांची पिशवी पळवली, कुठे म्हैस बँकेत शिरली. आमचे हे म्हणतात, बी.कॉम. झालेल्या बाईने निदान शेअर बाजार तरी वाचावा. मी म्हणते, चाळीस वर्षं तुमच्या दुकानाची कीर्द-खतावणी पाहिली, आता म्हैस वाचते.

या चौकटींत मांजरांचा नंबर बराच वरचा. लंडनला पंतप्रधानांच्या घरी, 10 डाउनिंग स्ट्रीटला, लॅरी नावाचा बोका आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये तो एका प्राणी-आश्रमातून तिथे आला, उंदीर पकडायच्या सरकारी हुद्द्यावर. तेव्हापासून पंतप्रधान बदलत गेले, कॅमेरून, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर, लॅरी मात्र आपल्या खिडकीत. मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होत नाही, तिथले कर्मचारी आपसात वर्गणी काढतात. म्हणजे हुद्दा सरकारी आणि खर्च खासगी. हिशेब चोख आहे की नाही?

जपानच्या वाकायामा भागातल्या तामाचं उलट. किशी नावाचं छोटंसं स्टेशन, गाडी तोट्यात. रेल्वे कंपनीने जानेवारी 2007 मध्ये तामा या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं, डोक्यावर टोपीसुद्धा घातली. पगार म्हणून मांजरीचं खाद्य. तिला बघायला लोक तिकीट काढून येऊ लागले आणि ती लाइन तरली. 2015 च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा तिला देवीचा मान देऊन छोटंसं देऊळ उभारलं. नफ्या-तोट्याच्या पत्रकात मांजर जमेच्या बाजूला बसलेली मी ही एकच पाहिली.

आणि आपलं पुणं कसं मागे राहील? फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरी निघाल्याची बातमी तुम्ही सगळ्यांनीच वाचली असेल. त्या सकाळी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ती बातमी मला सहा जणींनी पाठवली. खाली हसणारे चेहरे, आणि एकीचा प्रश्न, "तुमच्याकडे सध्या किती?"

एकच. मनी. वय अकरा, रंग राखाडी, उजव्या कानाला बारीकशी खाच. नाव नातीने ठेवलं. ती म्हणते आजी कॉमर्सवाली, म्हणून मांजरीचं नाव मनी. 2014 च्या पावसाळ्यात ही पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकापाशी ओलीचिंब सापडली, मुठीत मावेल एवढी. बाकी कहाणी मांजर असलेल्या प्रत्येक घरात असते तशीच, ती सांगत नाही.

सांगायचं आहे ते मनीच्या डब्याबद्दल. कारण आमच्याकडे येणारी प्रत्येक बहीण, जाऊ, विहीणबाई आधी मनीकडे बघते, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारते, "ही खाते काय गं?"

आमच्या सासऱ्यांच्या काळात या प्रश्नाला उत्तर होतं. दुकान भुसाराचं, आधी भवानी पेठेत, पुढे मार्केट यार्डात. गहू, ज्वारी, डाळी, म्हणजे उंदीर आलेच. बाबूजी विषाच्या गोळीला हात लावू द्यायचे नाहीत. पिंजरा लावायचा, सापडलेला उंदीर पर्वतीच्या पायथ्याशी सोडून यायचा. हमाल चेष्टा करायचे की उंदीर शेठजींच्या आधी दुकानात परत पोचतो. पण दुकानात एक मांजर असायची. पाळलेली नाही हं. "येते" असं म्हणायचं. बाबूजींचा कडक नियम, तिला दुकानातून दूध द्यायचं नाही. दूध दिलं की ती आपली झाली, आणि आपली झाली की तिने धरलेला उंदीर आपल्या खात्यावर. तिला दूध मिळायचंच, हमालाच्या चहातलं. ते हमालाच्या खात्यावर.

लग्न होऊन नवी आले तेव्हा मला या हिशेबाचं भारी कौतुक वाटायचं. आता वाटतं, बाबूजींनी मांजरीला जवळही केलं नाही आणि हाकललंही नाही, धान्य तेवढं सुरक्षित राहिलं. ते अतिशय सज्जन होते, तीन वेळा सामायिक करणारे. पण फायदा घ्यायचा आणि पावतीवर सही करायची नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेल्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

आपण प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणतो तेव्हा पंधरा कर्मादानं येतात. श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा, लाखेचा, विषाचा व्यापार. सगळ्यात शेवटचं असईजणपोसणया, म्हणजे असतीपोषण. कित्येक वर्षं मी ते इतरांबरोबर घाईघाईने म्हणत होते. मनी घरात आल्यावर पहिल्या संवत्सरीला त्या शब्दापाशी माझी जीभ अडखळली. नंतर अर्थ पाहिला. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात तो उलगडून सांगितलाय. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर, यांना पोसणं. मांजर चक्क नावानिशी! पण त्याच ठिकाणी आणखी एक शब्द आहे, वित्तार्थम्. पैशासाठी.

कॉमर्सवालीला हा शब्द बरा सापडला, असं आमचे हे म्हणाले. म्हणू देत. धंद्यांच्या यादीतलं कलम आहे, तर ते धंद्याला लावून वाचायला हवं. आणि ते आजही लागू पडतं. लांब केसांच्या पर्शियन मांजरींची पिल्लं हजारो रुपयांना विकली जातात, त्यासाठी माद्यांना पुन्हा पुन्हा विऊ घालतात. बसक्या नाकाच्या त्या मांजरींना नीट श्वास घेणंसुद्धा जड जातं. कुणाला मांजर हवीच असेल तर कृपा करून विकत घेऊ नका एवढं मी हक्काने सांगते. रस्त्यावर पुष्कळ आहेत.

याच यादीत निर्लांछन कर्मही आहे, जनावरांना डाग देणं, खच्ची करणं. मनीचं ऑपरेशन आम्ही केलं, म्हणून हेही मी विचारात घेतलं. मांजर साधारण दोन महिन्यांत विते, एका वेळी तीन-चार पिल्लं, आणि वर्षात दोन-तीनदा. त्यातली किती जगतात आणि कशी मरतात ते आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत रोज दिसतं. ऑपरेशनचा दिवस मी आयंबिल केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. घरच्या मुक्या जिवाला त्याला न विचारता कापायचं तर त्या दिवशी आपल्यालाही साधं जेवण बरं, एवढंच.

आता डबा.

मांजर आणि दूध हे आपल्या म्हणीतलं जोडपं आहे, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दूध पचत नाही. पोळीचा कुस्करा, खिचडी, पनीर, यावर गाय जगेल, कुत्राही बऱ्यापैकी जगेल, मांजर नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं. टॉरिन नावाचा एक घटक असतो. 1827 मध्ये तो पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडला, म्हणून लॅटिनमधल्या बैलाच्या शब्दावरून त्याचं नाव. माणसाचं शरीर तो स्वतः तयार करतं. मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, तिला तो खाण्यातून मिळावा लागतो, आणि तो असतो मांसात, मासळीत. मिळाला नाही तर हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळी होते, हृदय मोठं होऊन अशक्त होतं. 1987 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे हृदयाचं दुखणं टॉरिनच्या कमतरतेशी जोडून दाखवलं, आणि त्यानंतर कंपन्यांनी तयार खाद्यात टॉरिन वाढवलं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. गाजरातून आपण ते बनवून घेतो, मांजराला ते जमत नाही.

सूनबाईने लगेच मोबाइलवर शोधलं. परदेशात शाकाहारी मांजर-खाद्य मिळतं, त्यात कारखान्यात तयार केलेलं टॉरिन घालतात. ते पुरेसं आहे की नाही यावर पशुवैद्यांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर, माझा धर्म पाळण्यासाठी मनीच्या डोळ्यांवर प्रयोग करायचा मला अधिकार नाही. नियम मी घेतलेत. तिने कुणाकडून पच्चक्खाण घेतलेलं नाही.

तर मनीचं कोरडं खाद्य पाकिटातून येतं. त्यात कोंबडी असते, मासळी असते. बारीक अक्षरांत छापलेलं असतं, मी चष्मा लावून पूर्ण वाचलं आहे. "त्यात काय, ती तर नुसती बिस्किटं दिसतात" असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला तशी सवलत नको. ती बिस्किटं नाहीत. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ते धुण्याच्या बाल्कनीत राहतं. चमचा वेगळा, वाटी वेगळी, ती धुवायची घासणी वेगळी. स्वयंपाकघरात तिची वाटी कधी येत नाही. पैसे माझ्या स्वतःच्या खात्यातून जातात, यांच्या नाही, घरखर्चातूनही नाही. सही माझी.

आणि मनी स्वतः शिकार करू नये म्हणून जे करता येईल ते केलं आहे. बाल्कनीला बारीक जाळी. गळ्यात घुंगरू. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार असं आपण विचारतो, आमच्याकडे ती मी बांधली. कुणीतरी हे मोजूनही पाहिलं आहे, घुंगरू बांधलेल्या मांजरींनी आणलेली शिकार साधारण निम्म्यावर आली. निम्म्यावर, बंद नाही. मागच्या चातुर्मासात तिने एक पाल धरलीच. तिचं पोट भरलेलं होतं. भूक नसतानाही मांजर झेप घेते, ते तिच्या अंगातच आहे.

चातुर्मासाला आलेल्या महासतीजींना मी हे सगळं एका दुपारी विचारलं. घोळक्यात नाही, नीट वेळ मागून. वाटलं होतं, ठेवा किंवा सोडा असं काही सांगतील. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. विकत घेतली का? नाही. विकणार का? नाही. उंदरांसाठी ठेवली का? नाही. बाहेर सोडली तर काय होईल? मी म्हटलं, अकरा वर्षं घरात राहिलेली मांजर, आठवडाभर जगेल, आणि त्या आठवड्यात जे सापडेल ते मारेल. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोष नाही असं मी म्हणणार नाही. आलोचना करत जा. आणि आवड म्हणून दुसरी आणू नका." मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. "काही दोष नाही" असं त्या म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता.

व्याख्यानात मेघरथ राजाची कथा आपण किती वेळा ऐकली आहे. शांतिनाथ प्रभूंचा पूर्वभव. घाबरलेलं कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, मागून ससाणा येतो. राजा म्हणतो, शरण आलेल्याला मी देणार नाही. ससाणा म्हणतो, मग मी काय खाऊ? त्याची दया केलीत, माझी कोण करणार? आणि राजा तराजू मागवून स्वतःचं मांस कापून तोलू लागतो. लहानपणी कबुतरासाठी रडू यायचं. आता मला ससाण्याचा प्रश्न ऐकू येतो. कथेत शेवटी ती सगळी देवाने घेतलेली परीक्षा निघते, त्यामुळे ससाण्याच्या पोटाचा विषय तिथेच मिटतो. आमच्या घरातली ससाणा देव निघायची काही चिन्हं नाहीत. तिला संध्याकाळी पुन्हा भूक लागते.

दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कबुतरं, पोपट, चिमण्या, सगळ्यांना तिथे भरती करून घेतात. घार, ससाणा असे मांस खाणारे पक्षी आले तर मलमपट्टी करायची, औषध द्यायचं, पण मुक्कामाला ठेवायचं नाही, अशी तिथली जुनी रीत. मला ही रीत समजते. एकाच छताखाली दोघांना ठेवणार कसं? तरीही जखमी घारीला मलम लावून जाऊ देताना तिथल्या कुणाला काय वाटत असेल, हे मनात येतंच.

कबुतरांवर आपलं प्रेम फार. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा आपले लोक रस्त्यावर उतरले, ताडपत्री ओढून काढली गेली, महिनाभर पेपरात तेच. ही बातमी चौकटीतली नव्हती, पहिल्या पानावरची. मला दाणे टाकणाऱ्यांचा भाव कळतो, माझी आई रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकायची. पण मूठ वेगळी आणि पोतं वेगळं. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसाला सूज येते, ती कायमची राहू शकते, हे डॉक्टर सांगत आहेत. त्या रस्त्यावरच्या इमारतीत दम लागलेली म्हातारी बाईही पंचेंद्रिय जीवच आहे ना? ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, तर दोघींनी उत्तर दिलं, "ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी कबुतरांवर बोलू नये." वाचून आधी राग आला, मग हसू. टोमणा अगदी वर्मी होता.

माझ्या मोठ्या नणंदबाई या बाबतीत सगळ्यात कडक. दोन वर्षीतप झालेल्या. गेल्या पर्युषणाला त्या आमच्याकडे अठाई करायला आल्या. आल्या दिवशीच मला सांगितलं, "भाभी, माझ्या अठाईच्या घरात असला डबा बरा दिसत नाही. आठ दिवस तिला कुणाकडे तरी ठेव." मी म्हटलं, "ताई, तुमची खोली वेगळी करते, डबा बाल्कनीतच राहतो, पण ती कुठे जाणार नाही." आवाज न चढवता म्हटलं, तरी पुढचे दोन दिवस आमच्यात पाण्यापुरतंच बोलणं होतं.

मनीला यातलं काय कळणार? तिसऱ्या दिवसापासून ती ताईंच्या खोलीत जाऊन पायाशी बसायला लागली. अशक्त माणसाच्या अंगाची ऊब मांजरांना आवडत असावी. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावातल्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचा बोका होता, ज्यांची वेळ जवळ आली त्यांच्याच खाटेवर जाऊन बसायचा. 2007 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्यावर लिहिलं होतं. ती गोष्ट मीच ताईंना कधीतरी चहावर सांगितली होती. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "भाभी, ही उठत नाही माझ्या पायावरून. तुझा तो ऑस्कर तर नव्हे? असेल तर आत्ताच सांग, क्षमापना उरकून घेते." आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना धाप लागली.

त्याच दिवशी अंतगड सूत्राचं वाचन लांबलं. मी आणि सूनबाई स्थानकातून घरी पोचेस्तोवर एक वाजून गेला होता. बघते तो मनीची वाटी भरलेली, खाऊन अर्धी झालेली. घरात ताईंशिवाय कुणीच नव्हतं. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, हातात माळ.

"तीन वेळा साबण लावून हात धुतले," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "केव्हाची ओरडत होती. उपवास माझा आहे, तिचा नाही."

यावर मी काही बोलले नाही. त्यांचं पारणं सुखात झालं. जाताना मात्र पुन्हा बजावून गेल्या की हे मांजराचं प्रकरण त्यांना पसंत नाही, आणि ही गेल्यावर मी दुसरी आणली तर त्या आमच्या घरी पाय ठेवणार नाहीत. दुसरी आणणार नाही हे मी महासतीजींना कबूल केलंच आहे. मनीचे दात आता हलायला लागलेत, कोरडं खाद्य तिला भिजवून द्यावं लागतं, म्हणजे वास जास्त येतो आणि काम वाढलं.

परवा ताईंचा फोन आला. यंदाही पर्युषणाला येणार आहेत, या वेळी तेला करणार, गुडघ्यामुळे अठाई जमायची नाही. खोली कुठली, पाणी कोण गाळणार, सगळं ठरवून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो डबा वरच्या फळीवर ठेव, चुकून माझा हात लागायला नको." आणि मग, "पण भरून ठेव."